संत अ‍ॅग्नेसची कबर, रोम: काय पाहावं, कोणत्या क्रमाने आणि कुठे गडबड होते

रोममध्ये ख्रिस्ती श्रद्धेसाठी कोवळ्या वयात प्राण दिलेल्या संत अ‍ॅग्नेसच्या नावाची दोन प्रसिद्ध चर्च आहेत आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. पियाझा नव्होना या चौकात, कारंज्यांसमोर उभं असलेलं ते 'सांत आन्येसे इन आगोने'. परंपरा सांगते की तिला तिथे मारलं. तिथल्या एका लहानशा चॅपलमध्ये तिची कवटी ठेवलेली आहे. पण तिला पुरलं ते तिथे नव्हे. रोमन कायद्याप्रमाणे दफन शहराच्या हद्दीबाहेरच करावं लागे, म्हणून तिची कबर पोर्ता पिया या वेशीच्याही पलीकडे, व्हिया नोमेन्ताना रस्त्यावर आहे. त्या जागेचं नाव 'सांत आन्येसे फुओरी ले मुरा', म्हणजे तटाबाहेरची संत अ‍ॅग्नेस. हे परीक्षण या दुसऱ्या जागेचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. रोममध्ये रक्तसाक्ष्यांच्या, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्यांच्या, जागा पुष्कळ आहेत, पण वेळ एकाच जागेपुरता असेल तर हीच निवडा. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीने दिलेली साक्ष पुढच्या पिढ्यांनी कशी जपली, हे इथे एकाच आवारात टप्प्याटप्प्याने दिसतं: भुयारातली कबर, चौथ्या शतकातला शिलालेख, सम्राटाच्या मुलीने उभारलेली वास्तू, सातव्या शतकातलं मोझाइक आणि आजही दर जानेवारीत पाळला जाणारा विधी. संत पेत्राची बॅसिलिका (मोठं चर्च) भव्य आहे, पण तिथे एवढ्या गर्दीत एवढं सलग काही वाचता येत नाही. इथे येतं. अट एकच, क्रम चुकता कामा नये.

पोहोचणं सोपं आहे. तेर्मिनी स्टेशनवरून मेट्रोची 'बी' लाइन घ्या, पण गाडीवर 'योनियो' असं लिहिलेलं आहे ना ते पाहूनच चढा. बोलोन्या स्टेशननंतर ही लाइन दोन फाट्यांत विभागते आणि 'रेबिब्बिया'ची गाडी दुसरीकडेच जाते. चुकून तीत बसलात तर बोलोन्याला उतरून गाडी बदला. योनियोच्या फाट्यावर बोलोन्यानंतरचं पहिलंच स्टेशन 'सांत आन्येसे/आनिबालियानो'. तिथून चढ चढून काही मिनिटांत आवारात पोहोचता येतं.

आत शिरायच्या वाटा दोन. एक वरून, व्हिया नोमेन्ताना 349 या पत्त्यावरून. दुसरी खालच्या अंगाने, व्हिया दी सांत आन्येसे या गल्लीतून. गुडघे दुखणाऱ्यांनी खालचीच वाट धरावी, कारण बॅसिलिकेची फरशी वरच्या रस्त्यापेक्षा बरीच खोल आहे. ज्यांना पायऱ्या झेपतात त्यांनी मात्र वरूनच यावं. इथला जिना हाच या जागेचा पहिला आणि सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि बहुतेक लोक तो भराभर उतरून जातात.

साधारण पंचेचाळीस संगमरवरी पायऱ्यांचा हा रुंद जिना आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींत कबरींवरचे शिलालेख आणि त्यांचे तुकडे बसवलेले आहेत. त्यांत एक मोठी, अखंड संगमरवरी शिळा शोधा. तिच्यावर लॅटिनमधल्या दहा ओळी आहेत. ही शिळा पोप दमासस (366–384) यांनी अ‍ॅग्नेसच्या कबरीसाठी करवून घेतली. अक्षरांकडे अगदी जवळून पाहा: उभ्या रेघांच्या टोकांना बारीक, वळणदार आकडे काढलेले दिसतील. ही फुरियुस दिओनिसियुस फिलोकालुस या अक्षरकाराची शैली. दमासस यांनी रोमभरच्या रक्तसाक्ष्यांच्या कबरींवर त्याच्या अक्षरांत कविता कोरून घेतल्या. इथली शिळा 1728 साली हाती लागली. तोवर ती कोरीव बाजू खाली करून फरशी म्हणून वापरलेली होती, आणि म्हणूनच अक्षरं पायांखाली झिजली नाहीत.

मजकूर लहान आहे, पण तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. सुरुवातच अशी की लोक सांगतात, तिच्या आईवडिलांनी पूर्वी हे सांगितलं होतं. म्हणजे पोप स्वतः कबूल करतो की आपण ऐकीव गोष्ट लिहितो आहोत. मग घटना येते. शिंगाचा शोकसूर वाजताच ही मुलगी दाईच्या मांडीवरून उठली, जुलमी सत्ताधाऱ्याच्या धमक्या तिने आपण होऊन पायदळी तुडवल्या, त्याला तिला आगीत जाळायचं होतं, आणि एवढ्याशा बळावर तिने अफाट भीती जिंकली. उघड्या अंगावर तिने आपले मोकळे केस पसरले. शेवटच्या दोन ओळींत दमासस स्वतःचं नाव घेऊन तिच्याकडे प्रार्थनेची याचना करतो.

आता या दहा ओळींत काय नाही ते मोजा. तलवार नाही. तिला मागणी घालणारा तरुण नाही. वेश्यागृह नाही. नंतरच्या चित्रांत तिच्यासोबत दिसणारं कोकरू नाही. मिलानचे बिशप संत आंब्रोज यांनी 377 च्या सुमारास कुमारिकांवर लिहिताना तिचं वय बारा सांगितलं आणि मृत्यू तलवारीने झाल्याचं लिहिलं. त्या वयाच्या मुली सुई टोचली तरी रडतात आणि ही मात्र वार झेलायला स्थिर उभी राहिली, असं ते म्हणतात. तिच्या इवल्या देहात घाव घालायला तरी जागा होती का, असा त्यांचा सवाल आहे. कवी प्रुडेन्शियस याने वेश्यागृहाचा प्रसंग सविस्तर रंगवला आणि नंतरच्या लॅटिन चरित्रकथेत रोमच्या अधिकाऱ्याच्या मुलाची मागणी, सूड, चमत्कार असं सगळं आलं. कोणत्या छळात ती मेली यावरही एकमत नाही. परंपरा सम्राट डायोक्लेशियनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा, 304 च्या आसपासचा काळ सांगते; काही अभ्यासक तो तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात.

या तफावती दिसल्या की काहींचा विश्वास डळमळतो आणि काही जण त्या झाकायला धावतात. दोन्हींची गरज नाही. 354 सालच्या रोमन पंचांगात रक्तसाक्ष्यांच्या दफनाच्या तारखांची यादी आहे. तीत अ‍ॅग्नेसचं नाव, 21 जानेवारी ही तारीख आणि नोमेन्ताना हा रस्ता, एवढं आणि एवढंच दिलेलं आहे. नाव, दिवस, जागा. रोमच्या ख्रिस्ती मंडळीने आधी हे तीन खिळे ठोकून ठेवले आणि कथा त्यांच्यावर नंतर टांगल्या गेल्या. आग होती की तलवार, यावर मतभेद झाले. मुलगी कोवळ्या वयाची होती आणि तिने माघार घेतली नाही, यावर कोणाचंच दुमत नाही.

जिन्यातच आणखी एक संगमरवरी फलक आहे. त्यावर दोन्ही हात पसरून प्रार्थना करणारी मुलगी कोरलेली आहे. ही अ‍ॅग्नेसच असल्याचं मानलं जातं आणि फलकही चौथ्या शतकातला. तो दमाससच्या शिळेच्या जोडीने पाहिला तर नंतरच्या चित्रांतली नटलेली अ‍ॅग्नेस आणि तिच्या जवळच्या काळातली ही साधी आकृती यांतला फरक ध्यानात येतो.

जिना उतरून बॅसिलिकेत आलात की आधी भुयार बघा, चर्च नंतर. भुयारी दफनभूमीत एकट्याने फिरता येत नाही. गट करून, वाटाड्याबरोबरच जावं लागतं. तिकीट साधारण 10 युरो, सवलतीचं त्याहून कमी. दुपारी मध्येच बंद असतं आणि आठवड्याच्या वेळाही बदलत असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी व्हॅटिकनच्या ख्रिस्ती पुरातत्त्व आयोगाकडून त्या दिवसाची वेळ आणि भाषा दोन्ही विचारून घ्या. भाषेबद्दल मुद्दाम सांगतो आहोत. इथे दाखवण्यापेक्षा सांगण्यासारखं जास्त आहे, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या गटात शिरलात तर अर्धं तिकीट वाया गेलं समजा.

अपेक्षाही आधीच नीट ठेवा. रोममधल्याच प्रिस्किलाच्या भुयारातली रंगीत भित्तिचित्रं डोक्यात ठेवून इथे येणाऱ्यांची निराशा होते, कारण इथे भित्तिचित्रं नाहीत. इथलं धन म्हणजे शिलालेख आणि न फोडलेल्या कबरी. टफ या ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात खणलेल्या अरुंद गल्ल्या, दोन्ही अंगांना एकावर एक आडवे कोनाडे, देह कापडात गुंडाळून आत ठेवायचा आणि तोंड विटांनी किंवा संगमरवरी फळीने चुन्यात बंद करायचं. चुना ओला असतानाच घरचे लोक त्यात नाणं, शिंपला किंवा काचेचा तुकडा खुणेसाठी दाबून ठेवत. रोमच्या भुयारांत सापडलेल्या अशा काचांच्या तळाशी सोन्याच्या पत्र्यात कोरलेली चित्रं असत आणि त्यांत अ‍ॅग्नेस नावासकट दिसते, हात पसरून उभी. ही छोटी वस्तू फार बोलकी आहे. पोपने कविता लिहिली ती अधिकाराने. ही काच मात्र कुणा सामान्य घरातून आपल्या मेलेल्या माणसाजवळ ठेवलेली आहे.

इथल्या भुयाराचा सर्वात जुना भाग अ‍ॅग्नेसच्या दफनाच्याही आधीचा आहे. तिला पुरल्यावर मात्र आजूबाजूला गल्ल्या झपाट्याने वाढल्या. रक्तसाक्षीच्या शेजारी पुरलं जावं ही त्या काळच्या ख्रिस्ती माणसाची मोठी ओढ होती आणि इथली दाटी त्याचाच परिणाम. वाटाड्याला विचारून जुनी आणि नवी गल्ली कुठे जुळते ते दाखवून घ्या.

आत हवा बाराही महिने गार आणि दमट असते, म्हणून उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी असू द्या. जमीन ओबडधोबड आहे, गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. फोटो काढायला मनाई आहे. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांनी वाटाड्याला आधीच सांगावं. गल्लीत वळायला जागा नसते आणि मधूनच परत फिरायचं म्हटलं तर सगळा गट अडकतो.

बाहेर येऊन बॅसिलिकेत उभे राहा. सध्याची वास्तू पोप होनोरियस पहिले (625–638) यांची आहे. त्यांच्यापुढे साधी अडचण होती: यात्रेकरूंची रीघ लागलेली आणि कबर अरुंद भुयारात. देह वर आणून नव्या चर्चमध्ये ठेवणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. टेकडीच खोदून काढली आणि चर्चची फरशी कबरीच्या पातळीवर आणून ठेवली. त्यात भोवतालच्या काही जुन्या गल्ल्या मोडल्या, पण वेदी थेट कबरीवर आली. बाजूच्या मार्गिकांवर जे सज्जे दिसतात ते वरच्या जमिनीच्या पातळीला येतात. जिना एवढा लांब का, याचं उत्तरही हेच. ती तिथून हलणार नाही, बाकी सगळ्यांनी खाली उतरायचं, असा हा निर्णय आहे आणि वास्तुरचनेतून दिलेला इतका स्पष्ट मान आम्हाला रोममध्ये दुसरीकडे क्वचितच दिसतो.

वेदीवरचा पुतळा थांबून पाहा. शिल्पकार निकोला कोर्दिए याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अलाबास्टर या मऊ दगडाच्या प्राचीन धडाला सोनेरी मुलाम्याचं शिर आणि हात जोडले. 1605 साली वेदीखाली काम करताना दोन देह सापडले होते, त्यांतला एक शिराविना. पोप पॉल पाचवे यांनी दोन्ही चांदीच्या पेटीत ठेवून 1615 मध्ये पुन्हा वेदीखाली पुरले. दुसरा देह एमेरेन्तियानाचा मानतात. ती अ‍ॅग्नेसची दूधबहीण. अ‍ॅग्नेसच्या कबरीपाशी प्रार्थना करताना तिला दगडांनी ठेचून मारल्याची परंपरा आहे. तिचा बाप्तिस्माही अजून झालेला नव्हता. तिचा सण दोनच दिवसांनी, 23 जानेवारीला येतो आणि तिला फार लोक विसरतात.

आता मान वर करा. वेदीमागच्या अर्धघुमटातलं मोझाइक होनोरियस यांच्याच काळातलं आहे. लहान दुर्बीण असेल तर आणा. खालून नुसत्या डोळ्यांना निम्मंच दिसतं. मोकळ्या सोनेरी पार्श्वभूमीवर फक्त तीन आकृती: मधे अ‍ॅग्नेस, एका बाजूला हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेले होनोरियस आणि दुसरीकडे पोप सिम्माकस, ज्यांनी पूर्वी इथे डागडुजी केली होती. अ‍ॅग्नेसचा पोशाख बायझँटाइन राणीचा: जांभळं वस्त्र, रत्नांचे पट्टे, डोक्यावर मुकुट. पायाशी तलवार पडलेली आणि दोन्ही बाजूंना ज्वाळा. दमाससची आग आणि आंब्रोजची तलवार, दोन्ही साक्षी कलाकाराने एकाच चित्रात मांडल्या, एकीला खोटं ठरवलं नाही. वरून देवाचा हात तिच्यासाठी मुकुट धरतो. वस्त्रावर खाली एक छोटा पक्षी आहे, तो फिनिक्स, पुनरुत्थानाची खूण. दुर्बिणीशिवाय तो सापडत नाही.

कोकरू इथेही नाही. ते शोधायचं तर राव्हेन्नाला, सांत आपोल्लिनारे नुओवोमधल्या सहाव्या शतकातल्या कुमारिकांच्या मिरवणुकीत. तिथे अ‍ॅग्नेसच्या पायाशी ते आहे.

बॅसिलिकेतून बाहेर पडून बागेतून पुढे गेलात की वर्तुळाकार सांता कोस्तान्झा लागतं. कॉन्स्टंटाइन सम्राटाची मुलगी कॉन्स्टंटिना हिने अ‍ॅग्नेसच्या कबरीजवळ प्रचंड दफन-बॅसिलिका बांधली, सुमारे 98 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद. तिच्या भग्न भिंती बागेत अजून उभ्या आहेत. लोक त्यांना साधी जुनी तटभिंत समजून पुढे जातात. सांता कोस्तान्झा ही त्याच बॅसिलिकेला चिकटून बांधलेली समाधी. आत दगडी खांबांच्या बारा जोड्या, आणि भोवतीच्या गोल मार्गिकेच्या छतावर चौथ्या शतकातलं मोझाइक: द्राक्षवेली, पक्षी, द्राक्षं तुडवणारी पोरं. हे पाहून पूर्वी लोक याला मद्यदेवाचं देऊळ समजत. कॉन्स्टंटिनाची लाल पॉर्फिरी दगडाची मूळ शवपेटी व्हॅटिकन संग्रहालयात आहे, इथे दिसते ती प्रतिकृती. इथे लग्नं बरीच होतात, विशेषतः शनिवारी, आणि लग्न चालू असेल तर बाहेर थांबावं लागतं. ज्या सत्तेने काही दशकांपूर्वी ख्रिस्ती लोकांना मारलं, त्या सिंहासनावरच्या सम्राटाच्या मुलीला शेवटी याच मुलीच्या शेजारी जागा हवी होती, हे मनात ठेवून इथे फेरी मारा.

 

21 जानेवारीला जाता आलं तर अवश्य जा. त्या दिवशी सणाच्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनाविधीत) दोन जिवंत कोकरं फुलांनी सजवून वेदीसमोर आणतात आणि त्यांना आशीर्वाद दिला जातो. पुढे त्यांची लोकर त्रास्तेव्हेरेतल्या संत सेसिलियाच्या मठातल्या बेनेडिक्टाइन भगिनींकडे जाते आणि ती पालियम विणण्यासाठी वापरतात. पालियम म्हणजे सहा काळे क्रूस असलेला पांढरा लोकरी पट्टा. प्रांताचे प्रमुख आर्चबिशप तो खांद्यावर घेतात. 29 जूनला, संत पेत्र आणि पौल यांच्या सणाला, पोप हे पट्टे आशीर्वादित करतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 पासून ते खांद्यावर चढवण्याचा विधी आर्चबिशपांच्या आपापल्या धर्मप्रांतात नेला होता. 2025 मध्ये पोप लिओ चौदावे यांनी पुन्हा स्वतः रोममध्ये तो केला. मोझाइकमधल्या दोन्ही पोपांच्या खांद्यांवरही पालियम आहे, परत जाऊन पाहा. या दिवशी जागा मिळवायची तर मिस्सेच्या बरंच आधी पोहोचा, आणि भुयार त्या दिवसासाठी ठेवू नका. सणाच्या गर्दीत ते शांतपणे पाहणं होत नाही.

उणिवा दोन. दुपारचा बंद काळ हा सगळ्यात मोठा अडथळा. साडेअकराला पोहोचलात तर काहीच धड होत नाही, म्हणून सकाळी उघडतानाच जा आणि अडीच-तीन तास हाताशी ठेवा. दुसरी म्हणजे भुयाराची फेरी आटोपशीर असते आणि जिन्यातल्या शिळांसाठी वेगळा वेळ तुम्हालाच काढावा लागतो. दमाससच्या ओळींचं भाषांतर घरूनच छापून किंवा फोनमध्ये घेऊन या. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हे चर्च आहे आणि रोज मिस्सा चालते. मिस्सा सुरू असताना मोझाइकचे फोटो काढत फिरू नये.

फक्त एक तास असेल तर भुयार सोडा. जिना, दमाससची शिळा, वेदी, मोझाइक, मग सांता कोस्तान्झाची एक फेरी, याच क्रमाने. पियाझा नव्होनातलं चर्च संध्याकाळी पाहा. कवटीचं चॅपल आतल्या बाजूला आहे. विचारल्याशिवाय सापडत नाही.